कानाला दडे का बसतात आणि मळ कसा काढावा

भीमेत किंवा उजनीच्या कालव्यात पोहून आलेल्या, अथवा डोक्यावरून अंघोळ करून उठलेल्या माणसाचा एक कान एकाएकी बंद होतो, समोरच्याचे बोलणे दूरवरून आल्यासारखे वाटू लागते आणि स्वतःचा आवाज मात्र डोक्यात घुमू लागतो. टेंभुर्णीसारख्या नदी आणि कालव्यांच्या आधाराने वसलेल्या गावांत कानाला असे दडे बसणे हे नेहमीचे दुखणे आहे. कानात पाणी गेले, असे निदान घरीच होते. मग एका पायावर उड्या मारणे, तळहाताने कान दाबून सोडणे, टॉवेलचे टोक पिळून आत घालणे हे उपाय सुरू होतात आणि त्यांनीही कान उघडला नाही म्हणजे आगकाडी, गाडीची किल्ली किंवा केसाचा आकडा हाती येतो. वास्तविक कानात गेलेले पाणी डोके कलते केल्यावर बहुधा लवकरच बाहेर येते किंवा वाळून जाते. दोन दिवस उलटूनही कान बंदच राहिला असेल, तर बहुतेक वेळा पाणी निघून गेलेले असते आणि त्याने फुगवलेला मळ मागे राहिलेला असतो. हा मळ त्या दिवशी तयार झालेला नसून कित्येक महिन्यांपासून तिथेच असतो. मग आदल्या दिवसापर्यंत तो जाणवला कसा नाही आणि एका अंघोळीने कान कसा बंद पडला, हे नीट समजून घेतले तर मळ काढण्याचा सुरक्षित मार्ग कोणता आणि घातक कोणता, याचाही उलगडा होतो.

मळ कुठे तयार होतो?

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंत जाणाऱ्या मार्गाला बाह्य कर्णनलिका म्हणतात. प्रौढ माणसात ही नलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ती सरळ नसून किंचित नागमोडी असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागात हाताला लागते तशा लवचीक हाडाचा असतो. तिथली त्वचा जाड असते, तिच्यावर बारीक केस असतात आणि तिच्यात तेलकट स्राव सोडणाऱ्या तैलग्रंथी व विशिष्ट प्रकारच्या घर्मग्रंथी असतात. आतला दोन तृतीयांश भाग कवटीच्या हाडातून जातो. इथली त्वचा अत्यंत पातळ असून ती थेट हाडावर ताणून बसलेली असते, आणि म्हणूनच काडीचे टोक इथे नुसते टेकले तरी कळ येते. या आतल्या भागात मळ तयार करणाऱ्या ग्रंथी नसतात. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तपासणीत पडद्याला चिकटून मळाचा गोळा दिसला, तर तो तिथे जन्मलेला नसतो. बहुतेक वेळा कोणी तरी बाहेरून आत ढकललेला असतो.

मळ या नावामुळे तो घाण समजला जातो, पण शरीराच्या दृष्टीने तो एक संरक्षक लेप आहे. त्याचा सर्वांत मोठा भाग गळून पडलेल्या मृत त्वचापेशींचा असतो. त्यात ग्रंथींचा तेलकट स्राव, कोलेस्टेरॉल, तुटलेले केस आणि बाहेरून आलेली धूळ मिसळते. हा लेप किंचित आम्लधर्मी असल्याने जंतू आणि बुरशी यांची वाढ रोखली जाते, त्यातल्या तेलामुळे पाणी त्वचेत मुरत नाही, आणि मळणीच्या दिवसांत उडणारे ज्वारीचे कूस किंवा महामार्गावरची धूळ पडद्यापर्यंत पोचण्याआधीच त्यात अडकते. रोज कान कोरून हा लेप काढून टाकणाऱ्यांचा कान कोरडा पडतो, खाजतो, आणि खाज आली म्हणून तो पुन्हा कोरला जातो. कानाच्या अनेक जुनाट तक्रारी या चक्रातून सुरू होतात.

काहींचा मळ ओला, पिवळसर-तपकिरी आणि चिकट असतो, तर काहींचा कोरडा, करडा आणि पापुद्र्यांचा असतो. हा फरक स्वच्छतेचा नसून आनुवंशिक आहे. एबीसीसी-११ या जनुकातल्या एकाच अक्षराच्या बदलाने मळ ओला की कोरडा हे ठरते, असे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले. पूर्व आशियात कोरडा मळ बहुसंख्यांमध्ये आढळतो, युरोप व आफ्रिकेत ओला, आणि भारतात दोन्ही. त्यामुळे एकाच्या कानात चिकट मळ दिसतो आणि दुसऱ्याच्या कानात दिसत नाही, एवढ्यावरून कोणाला अस्वच्छ ठरवण्याला काहीही आधार नाही.

आतून बाहेर सरकणारी त्वचा

शरीरावर इतरत्र त्वचेच्या मृत पेशी जिथल्या तिथे गळतात आणि अंघोळीत निघून जातात. कानाच्या बंद टोकाच्या बोगद्यात तसे झाले असते तर काही वर्षांतच तो भरून गेला असता. त्यासाठी इथल्या त्वचेची वाढच वेगळी असते. माढा तालुक्यात पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना हंगामात चालू असतो, तेव्हा गव्हाणीत टाकलेला ऊस कोणीही हाताने पुढे ढकलत नाही. तळाचा पट्टा सरकत राहतो आणि त्यावरचा ऊस त्याच्याबरोबर जातो. कानात तळाच्या पट्ट्याचे काम त्वचा स्वतःच करते. पडद्याच्या मध्याजवळ नव्या पेशी तयार होतात, त्या कडेकडे सरकतात, पडद्यावरून नलिकेच्या भिंतीवर उतरतात आणि तिथून बाहेरच्या दिशेने पुढे जात राहतात. हा वेग दिवसाला सुमारे एक दशांश मिलिमीटर इतका असतो. त्या हिशेबाने नलिकेची पूर्ण लांबी ओलांडायला आठेक महिने लागतात. बाहेरच्या भागात पोचल्यावर या पेशींमध्ये तेलकट स्राव मिसळतो, मळ तयार होतो, आणि बोलताना व चावताना जबड्याचा सांधा नलिकेची भिंत हलवत असल्यामुळे तो सुटा होऊन कणाकणाने बाहेर पडतो. कानाच्या तोंडाशी आलेला मळ ओल्या फडक्याने पुसणे एवढेच काम शरीराने माणसाच्या हातासाठी शिल्लक ठेवले आहे.

ही व्यवस्था सर्वांच्या बाबतीत सारखी चालत नाही. काहींची नलिका जन्मतःच अरुंद किंवा जास्त वळणाची असते. वय वाढते तसा मळ कोरडा व घट्ट होतो, आणि पुरुषांच्या कानातले केस जाड व राठ होऊन त्याची वाट अडवतात. श्रवणयंत्र किंवा इअरफोन तासन्‌तास कानात राहिला की बाहेर येऊ पाहणाऱ्या मळाला तोंडाशीच बूच बसते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सुधारून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सुमारे दहापैकी एका मुलाच्या आणि वीसपैकी एका प्रौढाच्या कानात त्रासदायक प्रमाणात मळ साचलेला असतो. वृद्धांमध्ये हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक आहे.

एका अंघोळीने कान बंद कसा होतो?

नलिकेचा बराचसा भाग मळाने भरला तरी ऐकण्यात फारसा फरक पडत नाही, कारण कडेने एक बारीक फट मोकळी असली तरी हवेतून येणाऱ्या ध्वनिलहरी तीतून पडद्यापर्यंत पोचतात. त्यामुळे मळ साचत असताना माणसाला त्याचा पत्ताच लागत नाही. मळातला मृत पेशींचा भाग पाणी शोषून फुगतो. डोक्यावरून पाणी घेतले किंवा नदीत बुडी मारली की ही उरलेली फट बुजते आणि काही मिनिटांत ऐकण्यातला फरक एकदम लक्षात येतो. पूर्ण बूच बसलेल्या कानाची श्रवणशक्ती चाळीस डेसिबलपर्यंत घटू शकते. म्हणजे शेजारी बसून नेहमीच्या आवाजात केलेले बोलणेही अस्पष्ट वाटते.

स्वतःचा आवाज घुमण्याचे कारणही यातच आहे. बोलताना घशातली कंपने कवटीच्या हाडांतून थेट कानापर्यंत जातात आणि नलिका मोकळी असेल तर त्यांतली बरीचशी बाहेर निसटतात. तोंडाशी बूच बसले की ती आत कोंडून राहतात. याचा उपयोग करून घरच्या घरी एक साधी चाचणी करता येते. तोंड मिटून ‘म्‌म्‌म्‌’ असा एकसुरी हुंकार काढावा आणि तो कोणत्या कानात मोठा ऐकू येतो याकडे लक्ष द्यावे. बंद वाटणाऱ्या कानातच तो मोठा आला तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे, म्हणजे मळ, पाणी किंवा सर्दी यांपैकी काही तरी आहे, असे अनुमान करता येते. हुंकार चांगल्या कानाकडे गेला आणि बंद कान बहिराच राहिला, तर दोष अंतर्कर्णात किंवा श्रवणाच्या नसेत असण्याची शक्यता असते. एका कानाचे ऐकणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत असे एकाएकी गेले, तर ती तातडीची वैद्यकीय बाब आहे. तिच्यावर स्टेरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी श्रवणशक्ती परत येण्याची आशा जास्त असते आणि पहिले दोन आठवडे फार मोलाचे असतात. मळ असेल असे समजून महिनाभर तेलाचे थेंब घालत बसल्याने हा वेळ कायमचा हातून जातो. ही घरगुती चाचणी तपासणीची जागा घेऊ शकत नाही. ती केवळ घाई करावी की धीर धरावा, एवढे ठरवायला मदत करते.

काडी, किल्ली आणि कापूस

काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून विकण्याची कल्पना लिओ गेर्स्टनझँग या पोलंडमध्ये जन्मलेल्या अमेरिकी उद्योजकाने १९२३ मध्ये व्यवहारात आणली. आज या काड्या टेंभुर्णीच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळतात, आणि त्या कर्णनलिकेत घालू नयेत ही सूचना अनेक उत्पादक स्वतः डबीवर छापतात. काडी बाहेर काढल्यावर कापसाला थोडा पिवळा मळ लागलेला दिसतो आणि कान साफ झाल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात काडीची जाडी नलिकेच्या रुंदीच्या तुलनेत इतकी असते की ती भिंतीवरचा थोडा मळ टिपते आणि उरलेला पुढ्यात घेऊन आत दाबते. बाहेरच्या भागात सैल असलेला मळ अशा रीतीने हाडाच्या भागात जातो, आणि तिथे तो तटला की त्वचेच्या सरकण्याने पुन्हा बाहेर येणे अवघड होते. इजा होण्याचा धोका वेगळाच. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात कापसाच्या काड्यांनी झालेल्या कानाच्या इजांसाठी सुमारे दोन लाख त्रेसष्ट हजार मुलांना रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणावे लागले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत कारण कान साफ करणे हेच होते.

आगकाडी, किल्ली, सेफ्टी पिन, दातकोरण्याबरोबर एकाच कडीत ओवलेले पितळी कानकोरणे, ही साधने कापसाच्या काडीहून अधिक धोकादायक आहेत, कारण त्यांचे टोक कठीण असते आणि ते कुठे टेकले आहे हे कोरणाऱ्याला दिसत नाही. कान कोरताना अचानक खोकल्याची उबळ येते, याचे नवल अनेकांना वाटते. नलिकेच्या त्वचेचा काही भाग व्हेगस या मज्जातंतूच्या फांदीकडे असतो. फ्रीड्रिश आर्नोल्ड या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. हाच मज्जातंतू घसा आणि श्वासनलिका यांनाही जातो, त्यामुळे कानातल्या स्पर्शाचा अर्थ मेंदू घशातली खवखव असा लावतो. खोकल्याच्या त्या झटक्यात हात हलला आणि काडी आत असली, तर पडदा फाटायला तेवढे पुरते. मूल अंगावर येऊन आदळणे, एस.टी.ला गचका बसणे, यांनीही तेच होते.

यात्रेत आणि आठवडी बाजारात फिरणाऱ्या, कानाला काडी लावून बसलेल्या कान साफ करणाऱ्यांकडे जाणाऱ्यांची संख्या अजूनही कमी नाही. त्यांच्या हाताला सराव असतो, हे मान्य करावे लागेल. पण त्यांच्याजवळ आत उजेड पाडणारे साधन नसते, एकच सळई एकामागून एक अनेकांच्या कानांत जाते आणि वाहता कान व कोरडा कान यांत ते फरक करू शकत नाहीत. कानातून काढून दाखवला जाणारा खडा तर हातचलाखीचा असतो. कर्णनलिकेत खडे तयार होत नाहीत. कानात पोकळ मेणबत्ती धरून जाळण्याचा नवा प्रकारही तितकाच त्याज्य आहे. अशा मेणबत्तीच्या बुडाशी जमणारा तपकिरी चोथा तिच्याच मेणाचा असतो, ती मळ ओढून घेत नाही, आणि तिच्यामुळे भाजल्याच्या घटना घडल्याने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये तिच्याविरुद्ध इशारा दिला होता.

तेल कधी घालावे, कधी घालू नये

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस विकार सांगितले आहेत आणि त्यांत साचलेल्या मळाचा कर्णगूथ या नावाने उल्लेख आहे. त्यावरचा तिथला उपचार असा की वैद्याने आधी तेलाने व शेकाने मळ सैल करावा आणि मग शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, तो काढावा. आधी मऊ करणे आणि नंतर जाणत्याने काढणे हा क्रम आजच्या वैद्यकातही तोच आहे. लोकव्यवहारात मात्र त्यातला दुसरा भाग कोणीही करावा असा समज रूढ झाला, आणि बरेचसे नुकसान तिथून होते.

पडदा शाबूत असेल, कान दुखत किंवा वाहत नसेल, तर मळ मऊ करण्यासाठी घरी तेल वापरायला हरकत नाही. ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलाचे, ते नसल्यास स्वच्छ बाटलीतल्या खोबरेलाचे दोन-तीन थेंब, तो कान वर येईल असे कुशीवर निजून घालावेत, पाच मिनिटे तसेच पडून राहावे, आणि हे दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस करावे. हिवाळ्यात खोबरेल थिजते. अशा वेळी बाटली तळहातात धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून ते पातळ करावे, चुलीवर तापवू नये, आणि थेंब आधी मनगटावर टाकून पाहावा. औषधाच्या दुकानात मिळणारे सोडियम बायकार्बोनेटचे किंवा मळ विरघळवणारे इतर थेंबही चालतात. कोणते थेंब सर्वांत चांगले, या प्रश्नाचा शोध घेणारे कॉक्रेन संस्थेचे पुनरावलोकन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ६२३ जणांवरच्या दहा अभ्यासांतून एक प्रकार दुसऱ्याहून सरस असल्याचे सिद्ध झाले नाही. त्यांतल्या एका अभ्यासात पाच दिवस थेंब घातलेल्या कानांपैकी २२ टक्के कान पूर्ण मोकळे झाले, काहीच न घातलेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. याचा अर्थ असा की थेंबांनी मदत होते, पण बहुतेक कानांना पुढचा टप्पा लागतो. पहिल्या एक-दोन दिवसांत मळ फुगून दडे अधिकच बसल्यासारखे वाटते. त्याने घाबरून काडी घालू नये.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे तीन सवयी मोडायला हव्यात. बाळाला मालिश करताना कानात तेल सोडण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बाळाच्या कानाला त्याची गरज नसते, आणि त्या तेलात धूळ मिसळून जंतू व बुरशी वाढण्यास वाव मिळतो. कान ठणकला की लसूण घालून कढवलेले तेल ओतण्याची दुसरी सवय आहे. ठणक बहुधा पडद्याच्या आतल्या बाजूला साचलेल्या पुवाची असते, तिथे बाहेरून घातलेले तेल पोचत नाही, आणि तेल जास्त गरम असेल तर नलिकेची त्वचा भाजते. तिसरी सवय म्हणजे वाहत्या कानात तेल घालणे. कान वाहतो याचा अर्थ पडद्याला भोक असण्याची दाट शक्यता आहे आणि त्या वाटेने तेल व त्याबरोबरचे जंतू थेट मध्यकर्णात उतरतात.

तेल खरोखर उपयोगी पडते ती एक वेळ मात्र या भागात सर्वांना माहीत असायला हवी. हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडाजवळ कोप्या करून राहतात, जमिनीवर निजतात, आणि रात्री कानात किडा शिरण्याचे प्रकार घडतात. जिवंत किडा पडद्यावर फडफडला की वेदना असह्य होतात. पडद्याला भोक असल्याची पूर्वीची माहिती नसेल तर कानात खोबरेल किंवा गोडेतेल भरावे. किडा गुदमरून मरतो, फडफड थांबते, आणि सकाळी रुग्णालयात जाऊन तो काढून घेता येतो. याच्या उलट, मुलाने कानात ज्वारीचा दाणा, हरभरा किंवा चिंचोका घातला असेल तर पाणी अजिबात घालू नये, कारण दाणा पाण्याने फुगतो आणि जागच्या जागी घट्ट बसतो. घड्याळाचा किंवा खेळण्याचा चपटा गोल सेल कानात गेला असेल तर कोणताही थेंब न घालता त्याच तासाला रुग्णालय गाठावे. ओलाव्याच्या संपर्काने तो सेल आतली त्वचा व पडदा जाळत जातो.

डॉक्टर मळ कसा काढतात?

कान-नाक-घसा तज्ज्ञ प्रथम कानाची पाळी धरतात. प्रौढाची पाळी वर आणि मागे ओढली, लहान मुलाची खाली आणि मागे ओढली, की नागमोडी नलिका सरळ होते आणि ओटोस्कोप या उजेड व भिंग असलेल्या साधनातून तिचा तळ दिसू लागतो. मळ तोंडाजवळ आणि सुटा असेल तर टोकाला बारीक कडी असलेल्या सळईने किंवा चिमट्याने तो काढला जातो. इथे वापरलेली सळई बाजारातल्या कान कोरणाऱ्याच्या सळईहून फार निराळी नसते. फरक असतो तो डोळ्यांना टोक दिसण्याचा.

मळ मऊ आणि खोल असेल तर पाण्याने कान धुतला जातो. रुग्णाच्या कानाखाली वाटाण्याच्या शेंगेसारखी वळलेली स्टीलची तबकडी, जिला दवाखान्यात किडनी ट्रे म्हणतात, ती धरली जाते. पिचकारीचे टोक नलिकेच्या वरच्या-मागच्या भिंतीकडे रोखले जाते, त्यामुळे पाणी भिंतीला घासत मळाच्या मागे जाते आणि परतताना त्याला बाहेर लोटते. धार सरळ पडद्यावर सोडली तर पडद्याला इजा होऊ शकते. काही वेळाने तबकडीत काळपट तपकिरी गोळा पडतो आणि रुग्णाला पंख्याची घरघर एकदम मोठी ऐकू येऊ लागते.

या पाण्याचे तापमान शरीराच्या तापमानाइतके, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान धूत असताना त्यांतल्या काहींना भोवळ येत असे आणि त्यांचे डोळे झटक्याझटक्याने एका बाजूला हलत असत. पाणी थंड असल्याची तक्रार एका रुग्णाने केली आणि नंतर गरम पाणी वापरल्यावर डोळे उलट दिशेला हलताना दिसले. पडद्याच्या आत थोड्या अंतरावर तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांतला द्रव एका बाजूने थंड किंवा गरम झाला की वाहू लागतो आणि डोके फिरत असल्याचा खोटा संदेश मेंदूला मिळतो, हे त्यातून उलगडले. तोल आणि कान यांच्या या संशोधनासाठी बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. नळाचे गार पाणी घेऊन घरी पिचकारीने कान धुणाऱ्याला भोवळ का येते, याचे उत्तर त्या तपासणीतच आहे.

तिसरी पद्धत शोषणाची. सूक्ष्मदर्शकातून पाहत बारीक नळीने मळ ओढून घेतला जातो. मोठा आवाज होतो, क्षणभर गरगरल्यासारखे वाटू शकते, पण कानात पाणी जात नाही.

चौकट : या कानात पाणी मारू नये

पडद्याला भोक आहे किंवा पूर्वी कधी तरी कान वाहत होता, कानाची शस्त्रक्रिया झालेली आहे, कान सध्या दुखत, सुजलेला किंवा वाहत आहे, अथवा त्या एकाच कानाने ऐकू येते, अशा व्यक्तींनी पाण्याने कान धुवून घेऊ नये आणि थेंबही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. मधुमेह असलेल्या, विशेषतः वयस्कर रुग्णांच्या कानात धुतल्यानंतर ओल राहिली तर स्यूडोमोनास जातीच्या जंतूंचा संसर्ग हाडापर्यंत पसरण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी शोषणाची पद्धत सुरक्षित ठरते. कान बंद होण्याबरोबर ताप, तीव्र भोवळ, रक्त, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडणे किंवा एका कानाचे ऐकणे एकाएकी जाणे यांपैकी काहीही असले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

मळ नसताना बंद वाटणारा कान

मध्यकर्ण आणि घसा यांना जोडणारी युस्टेशियन नलिका पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा ठेवते. सर्दीत ती सुजून बंद होते, आणि घाट चढता-उतरताना दाब झपाट्याने बदलतो तेव्हा तिला उघडायला वेळ लागतो. गिळणे, जांभई देणे किंवा च्युइंगम चघळणे यांनी ती उघडते. सर्दी उतरल्यावरही दोन-तीन आठवडे दडे राहिले, तर मध्यकर्णात द्रव साचला आहे का हे पाहून घ्यावे. लहान मुलांमध्ये हे वारंवार होते. पावसाळ्यात किंवा आषाढीला चंद्रभागेत स्नान करून आल्यावर कान बंद होऊन प्रचंड खाजू लागला आणि आत काळे ठिपके असलेला पांढुरका लगदा दिसला, तर ती बहुधा बुरशी असते. तिला तेल मानवत नाही, मळाच्या थेंबांनी ती जात नाही. डॉक्टरांकडून कान कोरडा साफ करून घेऊन बुरशीविरोधी औषध घालावे लागते.

ऐकू न येणारे वडीलधारे

केंद्र सरकारने २००६-०७ मध्ये बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. देशातल्या श्रवणदोषाच्या कारणांचा जो आढावा या कार्यक्रमाने आधार म्हणून घेतला, त्यात बऱ्या होणाऱ्या श्रवणदोषाचे सर्वांत मोठे कारण कानातला मळ हेच असून त्याचा वाटा १५.९ टक्के आहे. वार्धक्याने येणारा आणि संसर्गाशी संबंध नसलेला बहिरेपणा १०.३ टक्क्यांसह त्यानंतर येतो. इतक्या सोप्या कारणाने इतकी माणसे कमी ऐकत असावीत ही खेदाची गोष्ट आहे, कारण उपचार काही मिनिटांचा आहे.

याचा सर्वांत जास्त त्रास घरातल्या म्हाताऱ्या माणसांना होतो. सासूबाईंना हाक ऐकू येत नाही, आजोबा टीव्हीचा आवाज वाढवतात, विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देतात, हे सारे वयाच्या खात्यावर टाकले जाते. हळूहळू त्यांच्याशी बोलणे कमी होते आणि तेही गप्प बसू लागतात. त्यांच्यापैकी काहींचा बहिरेपणा नसेचा असतो, त्याला श्रवणयंत्र लागते. पण मळाने भरलेल्या कानात श्रवणयंत्र बसवले तर ते शिट्टी वाजवते, नीट ऐकवत नाही, आणि पैसे वाया गेले म्हणून कपाटात पडते. शाळेत मागच्या बाकावर लक्ष नसलेल्या मुलांचीही हीच गत असू शकते; २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा व अंगणवाड्यांत येतात तेव्हा श्रवणदोषाची तपासणी त्यांच्या यादीत असते, आणि पालकांनी ती आवर्जून करून घ्यावी.

श्रवणयंत्राच्या दुकानात जाण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक कमी ऐकणाऱ्या माणसाचा कान ओटोस्कोपने एकदा पाहून घ्यावा. त्यासाठी जवळचे शासकीय आरोग्य केंद्र किंवा रुग्णालय गाठावे, आणि तिथे सोय नसेल तर सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावे. जाण्याआधी चार दिवस, चौकटीत सांगितलेली कारणे नसतील तर, तेलाचे थेंब घालून ठेवावेत. मळ मऊ झालेला असला म्हणजे तो एकाच फेरीत निघण्याची शक्यता वाढते आणि दुसरा हेलपाटा पडत नाही.